विश्लेषण: ५ टक्के कॅशबॅक शिंदखेड्यात किती उरतो? कॅशबॅक क्रेडिट कार्ड निवडताना काय पाहायचं?

खान्देशातल्या खेड्यापाड्यांत ‘क्रेडिट कार्ड’ म्हटलं की आजही अनेकांना आधी किसान क्रेडिट कार्ड आठवतं. १९९८ साली सुरू झालेली ही योजना पीक कर्जाशी जोडलेली आहे. आता त्याच नावाचं दुसरं कार्ड मोबाइलच्या पडद्यावरून तालुक्याच्या गावात पोहोचलं आहे. ‘प्रत्येक खरेदीवर ५ टक्के परत’, ‘आयुष्यभर मोफत’, ‘दोन मिनिटांत मंजुरी’ अशा जाहिराती मुंबई-पुण्यातल्या ग्राहकाला दिसतात, तशाच धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्यातही दिसतात.

देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या सुरुवातीलाच १० कोटींच्या पुढे गेली. महानगरांमध्ये पगारदार ग्राहकाच्या खिशात आधीच दोन-तीन कार्डं असल्यानं बँकांचं लक्ष आता लहान शहरांकडे आहे. पण कॅशबॅक कार्डांची आखणी कोणाचा खर्च डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे? जाहिरातीतले ५ टक्के शिंदखेड्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या हातात प्रत्यक्षात किती पडतात? आणि दोन-तीन कार्डांमधून एक निवडायचं झालं तर नेमकं काय तपासायचं?

कॅशबॅकचे पैसे येतात कुठून?

कार्डानं पैसे दिले की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातून ठरावीक टक्केवारी कापली जाते. हा वाटा कार्ड देणारी बँक, दुकानदाराची बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखं नेटवर्क यांच्यात वाटला जातो. कार्ड देणाऱ्या बँकेला मिळालेल्या हिश्श्यातला काही भाग ती कॅशबॅक म्हणून ग्राहकाला परत करते.

पण हा हिस्सा ५ टक्क्यांएवढा नसतो. मग बाकीचे पैसे येतात कुठून? एक तर ज्या कंपनीच्या नावानं कार्ड निघतं, ती ऑनलाइन कंपनी काही भार उचलते. दुसरं म्हणजे बँकेला वार्षिक शुल्क, उशिराचा दंड आणि थकलेल्या बिलावरचं व्याज मिळतं. थोडक्यात, वेळेवर बिल भरणाऱ्याच्या कॅशबॅकचा काही भार बिल थकवणारा उचलत असतो. कार्ड निवडण्याआधी आपण या दोघांपैकी कोण असणार आहोत, हे ओळखणं म्हणूनच महत्त्वाचं.

बाजारात कोणत्या प्रकारची कार्डं आहेत?

ढोबळमानानं चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार एका कंपनीशी बांधलेल्या कार्डांचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेलं अमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड हे त्याचं ठळक उदाहरण. त्याला वार्षिक शुल्क नाही. अमेझॉनवर प्राइम सदस्याला ५ टक्के, सदस्य नसलेल्याला ३ टक्के आणि इतर बहुतेक ठिकाणी १ टक्का अशी त्याची मूळ रचना आहे. २०१९ मध्ये आलेलं फ्लिपकार्ट ॲक्सिस कार्डही याच जातीचं, पण त्याला वार्षिक शुल्क आहे.

दुसरा प्रकार कुठल्याही संकेतस्थळावर चालणाऱ्या कार्डांचा. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या कॅशबॅक एसबीआय कार्डानं बहुतेक ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के आणि दुकानातल्या खरेदीवर १ टक्का देऊ केला. त्याचं वार्षिक शुल्क ९९९ रुपये, अधिक जीएसटी.

तिसऱ्या प्रकारात ठरावीक ब्रँडची यादी असते. एचडीएफसी बँकेच्या मिलेनिया कार्डाच्या ५ टक्क्यांच्या यादीत अमेझॉन, फ्लिपकार्ट यांच्यासोबत स्विगी, झोमॅटो, ऊबर, बुकमायशो अशी नावं आहेत. यातल्या किती सेवा लहान तालुक्याच्या गावात महिन्यातून एकदा तरी वापरल्या जातात, हा प्रश्न ज्याचा त्यानं स्वतःला विचारायचा आहे.

चौथा प्रकार यूपीआयला जोडता येणाऱ्या रुपे क्रेडिट कार्डांचा. रिझर्व्ह बँकेनं जून २०२२ मध्ये ही घोषणा केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेवा सुरू झाली. दुकानातला क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे बँक खात्याऐवजी क्रेडिट कार्डातून जातात. ही सोय फक्त दुकानदाराला पैसे देण्यासाठी आहे, मित्राला किंवा नातेवाइकाला पाठवण्यासाठी नाही.

शिंदखेड्यातला खर्च वेगळा कसा?

शिंदखेडा हे उधना-जळगाव रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव. तालुक्यात मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं दोंडाईचा आहे आणि मुंबई-आग्रा महामार्गावर नरडाण्याची औद्योगिक वसाहत आहे. शिक्षक, सरकारी कर्मचारी, कारखान्यातले कामगार, व्यापारी आणि कापूस पिकवणारे शेतकरी असा इथला ग्राहक आहे.

किराणा नेहमीच्या दुकानातून येतो. तिथे क्यूआर कोड असतो, पण कार्ड स्वाइप करायचं मशीन असेलच असं नाही. असलंच तर ‘कार्डाला दोन टक्के जास्त लागतील’ असं दुकानदार सांगू शकतो. १ टक्का परत मिळवण्यासाठी २ टक्के जास्त देणं हा सरळ तोटा आहे.

कृषी सेवा केंद्रात काउंटरवर पॉस मशीन दिसतं, पण अनुदानित खतविक्रीचं ते मशीन आधारद्वारे खरेदीदाराची ओळख पटवण्यासाठी असतं. ते कार्ड स्वाइप करायचं मशीन नव्हे.

पेट्रोलचंही गणित असंच आहे. बहुतेक कॅशबॅक कार्डांवर इंधनाला कॅशबॅक नसतो. त्याऐवजी १ टक्का इंधन अधिभार माफ होतो, तोही एका वेळी साधारण ४०० किंवा ५०० रुपयांच्या वर पेट्रोल भरलं तर. मोटारसायकलमध्ये दीडशे-दोनशेचं पेट्रोल टाकणाऱ्याला ही सवलत मिळतच नाही.

कोणत्या खर्चावर कॅशबॅक मिळत नाही?

प्रत्येक दुकानाला किंवा सेवेला कार्ड नेटवर्ककडून व्यवसायाच्या प्रकाराचा चार आकडी कोड दिलेला असतो. कॅशबॅक मिळणार की नाही, हे या कोडवरून ठरतं. दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय, याला महत्त्व नाही.

इंधन, वीजबिल, विम्याचा हप्ता, शाळा-कॉलेजची फी, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि सोन्याचे दागिने हे खर्च वेगवेगळ्या कार्डांच्या ‘कॅशबॅक नाही’ यादीत वारंवार दिसतात. हप्त्यानं घेतलेल्या वस्तूंवरही बहुतेक ठिकाणी कॅशबॅक मिळत नाही. तालुक्याच्या गावातल्या कुटुंबाचे मोठे खर्च नेमके हेच असतात. मुलाची कॉलेजची फी, एलआयसीचा हप्ता, आखाजीच्या मुहूर्तावर घेतलेलं सोनं या सगळ्यांना जाहिरातीतले ५ टक्के लागू होतीलच असं नाही.

शिवाय कॅशबॅकला कमाल मर्यादा असते. ती कधी महिन्याला, कधी तिमाहीला, तर कधी फक्त एका प्रकारच्या खर्चाला लागू होते. वस्तू परत केली की तिच्यावरचा कॅशबॅकही परत जातो.

प्रत्यक्ष हिशोब काय सांगतो?

समजा, शिंदखेड्यातल्या एका शिक्षक कुटुंबाचा महिन्याचा खर्च असा आहे: किराणा ७ हजार, पेट्रोल ३ हजार, ऑनलाइन खरेदी ४ हजार, मुलांची फी ३ हजार, विमा २ हजार, औषधं दीड हजार, वीजबिल दीड हजार आणि मोबाइल रिचार्ज ६०० रुपये. एकूण २२,६०० रुपये. आता वरच्या प्रकारांशी मिळतीजुळती तीन नमुन्याची कार्डं घेऊ. फी, विमा, वीज, पेट्रोल आणि रिचार्जवर तिन्हींत कॅशबॅक नाही असं धरू.

पहिलं कार्ड: कुठल्याही ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानात स्वाइप केल्यास १ टक्का, वार्षिक शुल्क ९९९ रुपये. ऑनलाइन ४ हजारांवर २०० रुपये आणि स्वाइप करून घेतलेल्या औषधांवर १५ रुपये मिळतील. किराणा क्यूआर कोडवर असल्यानं तिथे काहीच नाही. महिन्याला २१५, म्हणजे वर्षाला २,५८० रुपये. त्यातून जीएसटीसह १,१७९ रुपये शुल्क वजा केल्यावर उरतात १,४०१ रुपये.

दुसरं कार्ड: मोफत, एका ठरावीक संकेतस्थळावर ५ टक्के, इतरत्र १ टक्का. ४ हजारांपैकी अडीच हजारांची खरेदी त्या संकेतस्थळावर होते असं धरलं, तर तिथे १२५ रुपये, बाकीच्या ऑनलाइन खरेदीवर १५ आणि औषधांवर १५ मिळतील. महिन्याला १५५, वर्षाला १,८६० रुपये. पण संकेतस्थळाचं सशुल्क सदस्यत्व नसेल आणि दर ३ टक्के असेल, तर हाच आकडा १,२६० वर येतो. केवळ कार्डासाठी सदस्यत्व घेतलं, तर त्याचा खर्चही यातून वजा करायला हवा.

तिसरं कार्ड: यूपीआयवर दीड टक्का, ऑनलाइन १ टक्का, शुल्क ४९९ रुपये. किराण्यावर १०५ रुपये, औषधांवर साडेबावीस, ऑनलाइन खरेदीवर ४०. महिन्याला १६७.५०, वर्षाला २,०१० रुपये. जीएसटीसह शुल्क वजा करून उरतात १,४२१ रुपये.

‘सगळीकडे ५ टक्के’ सांगणारं कार्ड आणि ‘दीड टक्का’ सांगणारं कार्ड यांच्यात वर्षाअखेर फक्त २० रुपयांचा फरक राहिला. सर्वात चांगल्या आणि सर्वात कमी परताव्यातलं अंतर वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिन्याला ५० रुपये. आणि ५ टक्क्यांच्या कार्डाचा परतावा या कुटुंबाच्या वर्षभराच्या एकूण खर्चाच्या जेमतेम अर्धा टक्का भरतो.

मग खरा फरक कुठे पडतो?

तिसऱ्या कार्डाचं महिन्याचं बिल १२,५०० रुपये होतं. समजा, एका महिन्यात ते भरायचं राहिलं. अनेक कार्डांचा व्याजदर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के असतो. पावणेचार टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं सुमारे ४६९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५५३ रुपये. उशिराचा दंड बिलाच्या रकमेनुसार ठरतो. तो ९०० रुपये धरला, तर जीएसटीसह १,०६२ रुपये. एकूण १,६१५ रुपये.

वर्षभराची कमाई होती १,४२१ रुपये. म्हणजे एका चुकलेल्या तारखेनं वर्षाचा कॅशबॅक तर गेलाच, वर पदरचे १९४ रुपये गेले. प्रत्यक्षातला आकडा याहून मोठा असू शकतो, कारण बिल पूर्ण न भरल्यास व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं आणि जुनी बाकी असताना नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही.

‘किमान रक्कम’ भरली तर उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. एटीएममधून क्रेडिट कार्डानं रोख काढली, तर शुल्क लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

या व्याजाला मर्यादा नाही का? राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे ३० टक्क्यांची ती मर्यादा आता उरलेली नाही.

शेतकरी आणि हंगामी उत्पन्न असणाऱ्यांनी काय लक्षात घ्यायचं?

पगारदाराकडे दर महिन्याला पैसे येतात. कापूस आणि मिरचीचा पैसा हंगामात येतो. दिवाळीच्या आसपास आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत हातात रोकड असते. आखाजीला माहेरवाशिणी घरी येतात तेव्हा खर्च वाढलेला असतो आणि पाठोपाठ बियाणं-खताची खरेदी उभी राहते. त्या काळात उत्पन्न नसतं, पण कार्डाचं बिल दर महिन्याला येतंच.

किसान क्रेडिट कार्डाची घडी पिकाच्या चक्रावर बसवलेली आहे. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीनं ते ४ टक्क्यांवर येतं. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे नियमित फेडणाऱ्याला ते शून्य टक्क्यानं पडतं. नाव दोन्हीकडे ‘क्रेडिट कार्ड’च, पण एकीकडे वर्षाला शून्य ते ७ टक्के आणि दुसरीकडे ४५ टक्क्यांपर्यंत. शेतीचा खर्च कॅशबॅक कार्डावर टाकून ‘कापूस विकला की भरू’ म्हणणं म्हणूनच महागात पडतं.

याचा आणखी एक परिणाम आहे. कार्डाची थकबाकी सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे नोंदवली जाते. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ही माहिती दर पंधरवड्याला देणं बंधनकारक झालं. पीक कर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असा इशारा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना दिला होता. पण घर, ट्रॅक्टर किंवा व्यवसायासाठी कर्ज मागताना हाच स्कोअर समोर येतो. हजार-बाराशेच्या कॅशबॅकसाठी घेतलेलं कार्ड थकलं, तर त्याची किंमत काही वर्षांनी मोजावी लागू शकते.

आज मिळणारा दर उद्या राहील का?

खात्री नाही. एसबीआयच्या कॅशबॅक कार्डाची मासिक कमाल मर्यादा सुरुवातीला १० हजार रुपये होती. मे २०२३ पासून ती ५ हजारांवर आली आणि वगळलेल्या खर्चांची यादी वाढली. ॲक्सिस बँकेच्या एस कार्डावर सर्वसाधारण खर्चाला सुरुवातीला २ टक्के मिळत, ते पुढे दीड टक्क्यावर आले. टाटा न्यू इन्फिनिटी एचडीएफसी रुपे कार्डावर ऑगस्ट २०२४ पासून टाटा न्यूचाच यूपीआय आयडी वापरला तर दीड टक्का आणि दुसरा आयडी वापरला तर अर्धा टक्का, असा भेद झाला. तोही रोख नव्हे, टाटाच्या सेवांमध्ये वापरायच्या ‘न्यूकॉइन्स’च्या रूपात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरची जोखीम वाढीव धरायला सांगितलं. बँकांसाठी हे प्रमाण १२५ वरून १५० टक्के झालं, म्हणजे या व्यवसायासाठी त्यांना जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. कार्डाचा व्यवसाय महाग झाला की सवलतींवर कात्री चालण्याची शक्यता वाढते. वर्षभराचं शुल्क आधी भरून घेतलेलं कार्ड म्हणूनच जास्त तपासून घ्यावं लागतं.

कार्ड घेण्याआधी काय तपासायचं?

* मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयची यादी काढा. ऑनलाइन, क्यूआर कोड, स्वाइप आणि कॅशबॅक न मिळणारा खर्च असे चार भाग करा. सर्वात मोठा भाग ज्याचा, त्या प्रकारचं कार्ड बघा.
* कॅशबॅक बिलातून वजा होतो, वॉलेटमध्ये जमा होतो की पॉइंट्सच्या रूपात येतो, हे विचारा. बिलातून वजा होणारा सर्वात सोपा.
* शुल्क माफीसाठी वर्षाला किती खर्च लागतो आणि त्यात कोणता खर्च धरत नाहीत, ते वाचा. वरच्या उदाहरणात पहिल्या कार्डावर वर्षाला ६६ हजारच खर्च होत होता. २ लाखांची अट असेल तर ती गाठण्यासाठी गरज नसलेली खरेदी करावी लागली असती.
* बिलाची तारीख पगाराच्या तारखेशी जुळवा. ती बदलून घेण्याची सोय ग्राहकाला असते. पूर्ण रकमेसाठी ऑटो पे लावा, किमान रकमेसाठी नाही.
* पहिलं कार्ड असेल तर बिनशुल्क घ्या. पगाराची स्लिप नसेल तर मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड मिळू शकतं आणि खर्चाची मर्यादाही आटोक्यात राहते.

काही बिनसलं तर?

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी ग्राहकाला काही ठोस हक्क दिले. मागणी नसताना कार्ड देता येत नाही. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही. थकबाकी नसताना कार्ड बंद करण्याची विनंती केली, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. शुल्कात बदल करायचा तर एक महिना आधी कळवणं बंधनकारक आहे.

बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत दाद मागता येते. त्यासाठीचा माहिती क्रमांक १४४४८ आहे. कार्डावर फसवणूक झाली तर लगेच बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवा.

शिंदखेड्यातल्या त्या शिक्षक कुटुंबासाठी निष्कर्ष सोपा आहे. सदस्यत्व आधीपासून असेल तर बिनशुल्क कार्ड, नसेल आणि बहुतेक खर्च क्यूआर कोडवर होत असेल तर रुपे कार्ड. दोन्हींत वर्षाला दीड हजार रुपयांच्या आसपास पदरात पडतील. आणि ज्या घरात पुढच्या महिन्याचं बिल पुढच्या पिकाच्या भरवशावर आहे, तिथे खात्यातून थेट जाणारं साधं यूपीआय हाच जास्त फायद्याचा पर्याय आहे. त्यावर कॅशबॅक नसेल, पण ४५ टक्के व्याजही नाही.